गोड खाऊ, गोड बोलू : तुर्की घरातला पाहुणचार

मैत्रिणींनो, दुपारचे चार वाजलेत. हातातले काम आटोपून जरा पाठ टेकावी म्हणता, तोच दाराची घंटा वाजते. दारात यजमानांच्या गावाकडचे कुणीतरी, सोबत बायको आणि दोन पोरे. तोंडाने तुम्ही 'या, या, किती दिवसांनी!' म्हणता, पण मन केव्हाच स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचे डबे उघडू लागलेले असते. लाडवांच्या डब्यात नुसता चुरा. चिवडा मुलांनी सकाळीच फस्त केलेला. मग रव्याचा डबा हाताला लागतो. तूप आहे, साखर आहे, वेलदोडाही आहे. चला, शिरा होईल! जीव भांड्यात पडतो.

ही धांदल फक्त आपल्याच घरात होते असे समजू नका हं. तिकडे तुर्कस्तानात, इस्तंबूलच्या गल्लीत किंवा अनातोलियातल्या एखाद्या लहानशा गावात, दुपारी दाराची घंटा वाजली की तिथल्या गृहिणीचेही मन असेच फळीकडे धावते. तिच्या हाताला लागतो तो डबाही पुष्कळदा रव्याचाच असतो. पण तिथे रव्याचा गोड पदार्थ कुठल्या प्रसंगी मुद्दाम करतात, हे ऐकलेत तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. ते पुढे सांगते. आधी जरा त्यांच्या दिवाणखान्यात बसू या.

देवाचा पाहुणा

तुर्की भाषेत पाहुण्याला 'मिसाफिर' म्हणतात. आपण ज्याला मुसाफिर म्हणतो, तोच हा शब्द. पूर्वी दारात येणारा पाहुणा हा बहुधा वाटसरूच असायचा, नाही का? न कळवता अवचित आलेल्याला तर ते 'तान्री मिसाफिरी' म्हणजे 'देवाचा पाहुणा' म्हणतात. आपले 'अतिथी देवो भव' आठवले ना? त्यांची एक म्हण आहे : पाहुणा दहा वाटे घेऊन येतो, एक खातो आणि नऊ मागे ठेवून जातो. महिनाअखेरीला आलेल्या पाहुण्याकडे बघून ही म्हण आठवायची म्हणजे मन मोठेच हवे!

जुन्या वळणाच्या तुर्की घरात पाहुण्यांसाठी एक वेगळी खोलीच राखलेली असे. चांगले कोच, विणलेले रुमाल, काचेच्या कपाटातले पेले, सगळे त्या खोलीत, आणि घरच्या मुलांना तिथे जायला बंदी. आपण नाही का, 'ते कप पाहुण्यांचे आहेत, हात लावू नका' म्हणून शोकेसला जपत? तसेच.

उस्मानी काळात चांगल्या घरी आलेल्या बाईमाणसापुढे आधी मुरंब्याचे तबक येई. चांदीच्या भांड्यात गुलाबाच्या पाकळ्यांचा किंवा आंबट चेरीचा मुरंबा, शेजारी स्वच्छ चमचे आणि पाण्याचे पेले. पाहुणीने एक चमचा मुरंबा तोंडात घालायचा, वर पाणी प्यायचे, उष्टा चमचा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. मग कॉफी. उन्हातून आलेल्याच्या हातावर आपल्याकडे गूळ-पाणी ठेवीत, त्याचेच हे श्रीमंती रूप म्हणा ना.

आता मुरंब्याचे तबक मागे पडले, पण कॉफीचा मान तसाच आहे. कॉफी करण्याआधीच यजमानीण विचारते, 'कशी हवी? सादे, ओर्ता की शेकेरली?' म्हणजे बिनसाखरेची, मध्यम की गोड? हे आधी विचारावेच लागते, कारण पूड, पाणी आणि साखर एकत्रच शिजवतात आणि गाळतही नाहीत. कपात ओतल्यावर साखर ढवळायला जाल तर खाली बसलेला गाळ वर यायचा. कपासोबत पाण्याचा पेला आणि लोकुमची एक लहानशी वडी. 'एका पेला कॉफीची आठवण चाळीस वर्षे राहते' अशी त्यांच्याकडे म्हण आहे. या तुर्की कॉफीच्या रिवाजाला २०१३ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

साखरपुडा तिथलाही!

मुलगी मागायला जाण्याचा कार्यक्रम तुर्कस्तानात आजही थाटात होतो. मुलाकडची वडीलधारी मंडळी फुले आणि चॉकलेटचे सजवलेले तबक घेऊन मुलीच्या घरी जातात. मुलगी स्वतः कॉफी करून आणते. आपल्याकडे जे काम कांदेपोहे करतात, ते तिथे कॉफी करते. मात्र तिथल्या मुलीच्या हातात एक गंमत असते. बाकी सगळ्यांच्या कपात साखर आणि नवरदेवाच्या कपात चक्क मीठ! त्याने तोंड वेडेवाकडे न करता ती कॉफी संपवायची. बायकोच्या हातचे खारट-अळणी मुकाट्याने खाणारा आहे की नाही, याची ही परीक्षा. आपल्याकडे अशी प्रथा असती तर काय मजा आली असती, नाही?

होकार मिळाला की तोंड गोड करतात. अशा वेळी घरातले मोठे माणूस हटकून म्हणते, 'गोड खाऊ, गोड बोलू.' अगदी आपल्या संक्रांतीच्या 'तिळगूळ घ्या, गोड बोला'ची सख्खी बहीणच! फरक इतकाच, की आपण ते वर्षातून एका सणाला म्हणतो आणि ते कुठल्याही नव्या नात्याच्या तोंडी म्हणतात. काही भागांत तर सोयरीक पक्की करण्याला 'सरबत पिणे' असेच म्हणतात. आपण 'साखरपुडा' म्हणतो, ते 'सरबत' म्हणतात. दोन्हीकडे शब्दाला साक्ष साखरेचीच.

आणि शब्दांचेच म्हणाल तर साखरेला तुर्कीत 'शेकेर' म्हणतात. आपली संस्कृतातली शर्करा फारशीत 'शकर' झाली आणि तिथून तुर्कीत गेली. उलट 'हलवा' आणि 'सरबत' हे अरबी शब्द आपल्याकडे आले आणि घरचेच होऊन बसले. लग्नाच्या पाहुण्यांना ते साखरेच्या पाकात घोळवलेले पांढरेशुभ्र बदाम लहानशा पुडीत बांधून देतात. संक्रांतीला तिळावर काटा फुलवायला कढईपाशी तासन् तास बसलेली कुणीही मराठी बाई तो बदाम पाहून ओळखेल, की हा आपल्या हलव्याच्याच कुळातला.

हाजी बेकीरची वडी

लोकुम म्हणजे काय, हे सांगायचे राहिले. आपल्याकडे कॉर्नफ्लॉवरचा 'कराची हलवा' मिळतो ना, पारदर्शक आणि चिवट? साधारण त्याच्यासारखा, पण तुपाशिवायचा आणि जास्त मऊ. इस्तंबूलला १७७७ साली कास्तामोनूकडून बेकीर नावाचा एक मिठाईवाला आला आणि त्याने बहचेकापी भागात दुकान थाटले. हजची यात्रा करून आल्यावर तो हाजी बेकीर झाला आणि त्याची लोकुम राजवाड्यापर्यंत पोचली. त्याच्या नावाचे दुकान आजही तिथे आहे. 'लोकुम' हा शब्द ज्या जुन्या अरबी नावावरून आला, त्याचा अर्थ 'घशाला आराम' असा आहे.

लागते काय, तर साखर, पाणी, स्टार्च आणि थोडी आंबट पूड. पण हे मिश्रण मंद आचेवर सतत ढवळत तास-दोन तास शिजवावे लागते. आंबट कशाला? तर साखरेचे पुन्हा खडे होऊ नयेत म्हणून. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबाचे चार थेंब पिळतो, त्याचेही कारण तेच. मग त्यात गुलाबपाणी किंवा पिस्ते, हेझलनट असे काही घालून ते स्टार्च भुरभुरवलेल्या ट्रेमध्ये ओततात, गार होऊन घट्ट झाले की चौकोनी वड्या कापतात आणि पिठीसाखरेत घोळवतात.

ही साखर मात्र उसाची नव्हे बरं का, बीटाची. आपल्या कोशिंबिरीच्या लाल बीटाची नव्हे, तर पांढऱ्या साखर-बीटाची. १९२३ साली तुर्कस्तान प्रजासत्ताक झाले आणि १९२६ साली आल्पुल्लू आणि उशाक इथे साखर कारखाने सुरू झाले. त्याआधी गावाकडच्या गरीब घरात गोडाला आधार होता तो मधाचा आणि द्राक्षाच्या रसाच्या काकवीचा. तिला ते 'पेकमेझ' म्हणतात. पांढरी साखर ही पाहुण्यांसाठी जपून ठेवायची चीज होती. आपल्या आज्याही गूळ घरच्यांना आणि साखर पाहुण्यांना, असाच हिशेब करीत.

दहा शिपायांमागे एक परात

बक्लावा तर आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही दिवाळीच्या भेटीच्या खोक्यात दिसू लागला आहे. त्याचे पापुद्रे बघितलेत? आपल्या चिरोट्याचे, खाजाचे पदर मोजावेत तर इथे त्यांची गणतीच निराळी. पातळ लांब लाटण्याने, स्टार्चची पिठी लावत, पीठ इतके पातळ लाटायचे की पलीकडचे दिसावे. असे चाळीसच्या आसपास थर, मध्ये पिस्ता किंवा अक्रोड, वर कढवलेले तूप. भाजून झाल्यावर पाक. घरगुती बक्लाव्याचा नियम असा, की बक्लावा गरम तर पाक गार आणि पाक गरम तर बक्लावा गार. दोन्ही एकाच वेळी गरम असले की पापुद्रे लगदा होण्याची भीती. (पाकातल्या चिरोट्यांनाही हा नियम लावून बघा.)

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या मुदपाकखान्याच्या १४७३ सालच्या नोंदीत बक्लाव्याचा उल्लेख आहे. पुढे सुलतानाच्या 'येनिचेरी' फौजेला दर रमझानच्या पंधराव्या दिवशी राजवाड्यातून बक्लावा मिळू लागला. दहा शिपायांमागे एक परात! परातींची मिरवणूक निघे आणि ती बघायला इस्तंबूल लोटे. हे केवळ कौतुक नव्हते. राजाचे अन्न घेतले म्हणजे राजाशी इमान राखले, असा त्याचा अर्थ. याच शिपायांना बंड करायचे असले की ते आपली स्वयंपाकाची कढई उलथी करीत. तुर्की भाषेत 'कढई उचलणे' म्हणजे बंड करणे, हा वाक्प्रचार अजून आहे. १८२६ साली सुलतानाने ही फौजच मोडून काढली आणि बक्लाव्याची मिरवणूकही संपली.

रूसवा धरलेल्या माणसाचे पहिले लक्षण कोणते? 'मला जेवायचं नाही'! हे राजवाड्यात खरे होते आणि आपल्या घरातही खरे आहे.

आज बक्लाव्याचे माहेर म्हणजे दक्षिणेकडचे गाझियानतेप शहर. तिथला पिस्ता पुरता पिकायच्या आधीच काढतात, म्हणून त्याचा हिरवा रंग आणि वास टिकतो. २०१३ साली युरोपीय संघाने या शहराच्या बक्लाव्याला भौगोलिक नावाचे संरक्षण दिले. तुर्कस्तानच्या पदार्थांत हा मान पहिल्याने मिळाला तो त्यालाच.

सणाची साखर

रमझानचा महिना संपला की तीन दिवसांचा सण येतो. आपण त्याला ईद म्हणतो. तुर्की लोक त्याला लाडाने 'शेकेर बायरामी' म्हणजे 'साखरेचा सण' म्हणतात. सणाआधी घराची झाडलोट, पडदे धुणे, नवे कपडे. वाचतानाच तुमचे हात दुखू लागले असतील! सणाच्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या घरी जायचे, त्यांचा हात ओठांना लावून मग कपाळाला टेकवायचा. थोरांनी आशीर्वादासोबत गोळ्या, चॉकलेटे आणि चार नाणी द्यायची. गल्लीतली मुले पिशव्या घेऊन घरोघर साखर मागत फिरतात. दसऱ्याला सोने वाटत आणि खाऊचे खिसे भरत फिरणारी आपली मुले डोळ्यांपुढे आणा.

दारातून आत आलेल्या पाहुण्याच्या ओंजळीत आधी लिंबाच्या वासाचे 'कोलोन्या' म्हणजे कोलनवॉटर ओततात, आणि त्यानंतर येते गोड. अत्तर-गुलाबदाणीशिवाय आपले हळदीकुंकू पुरे होत नाही, तसेच हे.

एक सावधगिरीची सूचना. तिथल्या दुधाच्या गोड पदार्थांत आपल्या तांदळाच्या खिरीसारखी 'स्युतलाच' आहे, मुहल्लेबी आहे. पण 'तावुक ग्योसू' नावाच्या पांढऱ्या लुसलुशीत पदार्थात कोंबडीच्या मांसाचे बारीक तंतू असतात. चवीवरून कळतसुद्धा नाही. तिकडे जाणाऱ्या शाकाहारी मैत्रिणींनी विचारल्याशिवाय चमचा उचलू नये!

शेजारणीची वाटी

आता मला सगळ्यांत आवडलेला पदार्थ. मोहरमच्या दहाव्या दिवशी आणि त्या महिन्यात घरोघरी 'आशुरे' शिजते. गोष्ट अशी सांगतात, की जलप्रलय ओसरला, नूह पैगंबराची नौका जमिनीला लागली. तेव्हा कोठारात मूठ मूठ उरलेले सगळे धान्य आणि सुका मेवा एकाच भांड्यात घालून शिजवला. तोच हा पदार्थ. गहू, हरभरे, पांढरा घेवडा, तांदूळ, मनुका, जर्दाळू, अंजीर, साखर. वरून डाळिंबाचे दाणे, अक्रोड आणि दालचिनीची पूड. घेवडा आणि साखर एकत्र, हे ऐकून नाक मुरडू नका. आपण पुरणात डाळ आणि गूळ घालतोच की!

अलेवी पंथाच्या घरांत करबलाच्या दुःखाची आठवण म्हणून बारा दिवसांचे उपास धरतात आणि ते सुटले की आशुरे करतात. आर्मेनियन ख्रिस्ती कुटुंबांत नाताळ आणि नव्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ असाच गव्हाचा गोड पदार्थ होतो. भांडे एकाचे, धर्म वेगवेगळे.

आशुरे कधीच थोडी करत नाहीत, करताच येत नाही. मोठे पातेलेच चढवायचे आणि वाट्या भरभरून शेजारीपाजारी पाठवायच्या. वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, समोरच्या दारी. ज्या शेजारणीशी पाण्यावरून कुरबुर झाली तिच्याकडेही. किंबहुना तिच्याकडे पाठवायला हे निमित्त बरे! आणि वाटी परत येते ती रिकामी नाही. रिकामे भांडे परत करू नये, हा तिथलाही नियम. चार फळे, थोडी बिस्किटे, काही ना काही घालूनच.

हे वाचून मला वाटले, की हा नियम आपल्या आईने आपल्याला शिकवला होता. 'अगं, निदान चिमूटभर साखर घाल त्यात,' असे ती म्हणायची. आता आपण फ्लॅटमध्ये राहतो, दार लावून घेतो. प्लास्टिकचा डबा देताना 'परत नको करूस गं, ठेव' म्हणतो. सोयीचे आहे खरे. पण वाटी परत करायच्या निमित्ताने जी दोन मिनिटे दारात बोलणे व्हायचे, तीही त्या डब्याबरोबर गेली.

दुःखातला हेल्वा

आता सुरुवातीला सांगितले ते रव्याचे कोडे. आपला शिरा म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद, बारशाचा गोडवा. तुर्की घरात रव्याचा 'इर्मिक हेल्वा' एरवीही करतात. पण रवा भाजल्याचा वास जिन्यात दरवळला, की शेजारणीच्या मनात पहिला प्रश्न येतो : कुणी गेले की काय?

घरात माणूस गेले की दफनानंतर हेल्वा भाजतात. काही घरी रव्याचा, काही घरी कणकेचा. शेजारी आणि नातेवाईक पुढचे काही दिवस त्या घरी जेवण आणून देतात. पण हेल्वा त्या घरात शिजायला हवा. मंद आचेवर तो अर्धा-पाऊण तास भाजावा लागतो, आणि सगळे एकटीने करायचे नसते. लेक ढवळते, मग सून, मग बहीण, मग शेजारीण. प्रत्येकीने चमचा हातात घेऊन गेलेल्या माणसासाठी मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची. या वासाने त्याच्या आत्म्याला शांती मिळते, अशी श्रद्धा. मग तो हेल्वा वाटायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आणि शेजारच्या घरांत. चाळिसाव्या आणि बावन्नाव्या दिवशी पुन्हा. इझमीरकडे तर गेलेल्याच्या नावाने रस्त्यात मोठी कढई मांडून 'लोकमा' नावाचे पाकातले गोळे तळतात आणि रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही फुकट देतात.

दुःखाच्या घरी गोड? पण आपल्याकडेही तेराव्या-चौदाव्याला गोडाचे जेवण करून सुतक संपवतातच ना? आपण गोड शेवटी ठेवतो, ते पहिल्याच दिवशी करतात.

ज्या बाईने आपले माणूस गमावले, तिला त्या दिवशी 'रडू नकोस' म्हणणाऱ्या पुष्कळ असतात. 'घे, जरा ढवळ, मी आहे शेजारी' म्हणणारी हवी असते. हातांना काम असले की घशातला हुंदका जरा वाट शोधतो. त्या कढईभोवती आलटून पालटून उभ्या राहणाऱ्या बायकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नसते.

त्यांचीही भिशी

तुर्की गृहिणींची भिशी असते, हे सांगितले तर विश्वास बसेल? तिचे नाव 'आल्तिन ग्युनू' म्हणजे 'सोन्याचा दिवस'. ओळखीच्या बायका ठरावीक दिवशी पाळीपाळीने एकेकीच्या घरी जमतात. येताना प्रत्येकीने एक लहानसे सोन्याचे नाणे आणायचे आणि ती सगळी त्या दिवशीच्या यजमानणीला. पुढच्या खेपेला दुसरीची पाळी. नवऱ्याकडे हात न पसरता स्वतःची गंगाजळी! सोने महागले तसे आता ग्रॅमच्या हिशेबाचे किंवा रोख रकमेचे 'दिवस'ही भरतात.

पण जिची पाळी असते तिचे हाल आपल्याच सारखे. चहासोबत तिखट बोरेक, दलियाची कोशिंबीर, केक, बिस्किटे आणि घरचे काहीतरी गोड. गेल्या खेपेला तिने पाच पदार्थ केले, मग मी चार कसे करू? आलेले सोने पदार्थांतच खर्ची पडायचे! त्यात महागाई. २०२२ च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारी आकड्यांप्रमाणे वर्षाची महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती. अशा वेळी पिस्त्यावरून हात अक्रोडाकडे वळला तर नवल ते काय? आपल्या भिशीतही एकदा सगळ्यांनी मिळून ठरवून टाकावे : एक तिखट, एक गोड, बस. जिची ऐपत जास्त आहे तिनेच हे आधी म्हणावे, म्हणजे जिची कमी आहे तिला म्हणावे लागत नाही.

आग्रह किती करावा?

गोडाची एक कडू बाजूही आहे. युरोपच्या बाजूच्या देशांत मधुमेहाचे प्रमाण ज्यांत सर्वांत जास्त, त्यांत तुर्कस्तान वरच्या क्रमांकावर आहे. आपला देशही या बाबतीत मागे नाही. ज्या घरी 'नको' म्हणणे हा यजमानणीचा अपमान समजतात, तिथे मधुमेही माणसाने सणाच्या दिवशी दहा घरी जाऊन काय करावे? आपल्या सासऱ्यांनाही लग्नकार्यात 'एकाने काय होतंय हो!' म्हणत जिलबी वाढणारे आठवा. त्या 'एकाने' काय होते, ते रात्री आपल्याला निस्तरावे लागते.

उपाय मात्र त्यांच्याच रिवाजात आहे. कॉफी 'सादे' घेता येते आणि कुणी त्याचे वाईट वाटून घेत नाही, कारण यजमानीण आधी विचारते. हे विचारणे आपणही उचलावे. 'चहा कसा करू? साखर चालते ना?' एवढेच, चारचौघांत गाजावाजा न करता. आग्रह एकदा करावा, दुसऱ्यांदा नुसते हसावे, तिसऱ्यांदा ताट पुढे करू नये. मानाला लाडू लहान पुरतो.

शेवटी एक शब्द सांगते. तुर्की घरात खाऊन झाल्यावर पाहुणे करणारीला म्हणतात, 'एलिनिझे सालिक'. अर्थ असा, की 'तुमच्या हातांना आरोग्य लाभो.' पदार्थ कसा झाला, पाक जास्त झाला का, हे नंतर. आधी हातांची आठवण. घरचेसुद्धा रोजच्या जेवणानंतर हे म्हणतात. आपल्याकडे 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, तेही छानच. पण ते पुष्कळदा कमावणाऱ्याकडे बघून म्हटले जाते. जिने चुलीपाशी उभे राहून रवा भाजला, तिच्या हातांसाठी वेगळा शब्द असावा असे तुम्हाला नाही वाटत? आज रात्री मुलांना शिकवून बघा. नवऱ्यांनाही शिकवायला हरकत नाही!

करून पाहा : इर्मिक हेल्वा

साहित्य : १ वाटी जाडसर रवा, पाव वाटी साजूक तूप (किंवा लोणी), २ चमचे चिलगोजे (नसल्यास बदामाचे काप), पाऊण वाटी साखर, दीड वाटी दूध, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ, वरून दालचिनीची पूड.

कृती : दूध, पाणी, साखर आणि मीठ एकत्र गरम करून साखर विरघळू द्या आणि गरमच ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात तूप घालून रवा आणि चिलगोजे एकत्रच टाका. आच अगदी मंद. सतत ढवळत २० ते ३० मिनिटे भाजा. खूण अशी, की चिलगोजे छान बदामी झाले म्हणजे रवाही झाला. आच बंद करून गरम दूध हळूहळू ओता. मिश्रण जोरात उसळते, तेव्हा हात आणि चेहरा लांब ठेवा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. पुन्हा मंद आचेवर ठेवून दूध आटेपर्यंत ढवळा. मग झाकणाखाली स्वच्छ कोरडा पंचा घालून १५ मिनिटे मुरू द्या, म्हणजे वाफेचे पाणी आत पडत नाही आणि हेल्वा मोकळा होतो. वाटीत दाबून ताटलीत मूद पाडा आणि वर दालचिनी भुरभुरवा.

वेलदोडा आणि केशर या खेपेपुरते डब्यातच राहू द्या, म्हणजे भाजलेल्या रव्याची आणि तुपाची खरी चव कळेल. एवढ्यात चार माणसांचे होते. पाचवी वाटी समोरच्या दारी पाठवायची असेल, तर रवा मूठभर जास्त घ्या आणि त्या मानाने बाकीचेही वाढवा.